दहावीला गणितात ९४, अकरावीच्या पहिल्या युनिट टेस्टला २५ पैकी ७. नेमकं काय होतं मुलांचं?

धायरीची_आई

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा अकरावी सायन्सला गेली. शाळा मराठी माध्यमाची, सेमी इंग्लिश, दहावीला ९१ टक्के, गणितात ९४. ऑनलाइन ॲडमिशनला पुणे शहरातलं चांगलं कॉलेज मिळालं म्हणून घरात सगळे खूष होते. परवा युनिट टेस्टचे पेपर हातात आले, मॅथ्स २५ पैकी ७, फिजिक्स ९, केमिस्ट्रीत जेमतेम पास. तेव्हापासून पोरगी नीट जेवत नाहीये, काल रात्री म्हणाली आई मला हे जमणारच नाही, मी आर्ट्सला जाते. आर्ट्सला जायला माझी काहीच हरकत नाही हो, पण आवडतं म्हणून जावं, घाबरून का जायचं.

अभ्यास करत नाही म्हणावं तर तसंही नाही. धायरीहून बसने जाऊन येऊन थकते तरी संध्याकाळी बसते ती ११ वाजेपर्यंत पुस्तकात डोकं घालून असते. मोबाइल आम्ही रात्री हॉलमध्येच ठेवतो. शेजारी म्हणतात दहावीचे मार्क असेच वाटतात हल्ली, जाऊबाई म्हणतात क्लास लावला नाही म्हणून झालं, कॉलेजात विचारलं तर सांगतात सगळ्यांचंच असं होतं, होईल हळूहळू. सगळ्यांचं होतं हे मान्य, पण का होतं? दहावीपर्यंत सर जिचं नाव घ्यायचे ती दोन महिन्यांत एकदम ढ कशी होईल? भाचा आठवीत गेला त्याचंही गणित असंच कोसळलंय, म्हणजे फक्त अकरावीचा प्रश्न नसावा. आणि आता मध्येच क्लास लावावा का? लाखाच्या वर फी सांगतायत, घरात विचार करावा लागेल. ज्यांना अनुभव आहे त्यांनी प्लीज नीट सांगा.

मावळतीकर

ताई आमच्याकडे सेम. मुलाला ८९ होते, आता मॅथ्समध्ये ५. धागा फॉलो करतोय.

गणित_मॅडम_कोथरूड

मी ज्युनियर कॉलेजला गणित शिकवते, बरीच वर्षं झाली. पहिल्या युनिट टेस्टनंतर हाच प्रश्न घेऊन पालक येतात आणि कॉरिडॉरमध्ये पाच मिनिटांत नीट सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मुलगी ढ झालेली नाही. ९४ मार्क तिने कष्टाने मिळवलेत आणि ते खरेच आहेत, फक्त ते कशाचे आहेत ते बघा. बीजगणिताचा पेपर ४० चा, भूमितीचा ४० चा आणि अंतर्गत २०. प्रश्न बरेचसे पुस्तकातल्या सरावसंचांच्या आणि संकीर्ण प्रश्नसंग्रहांच्या धाटणीचे. वर्षभरात तेच प्रकार शाळेत होतात, क्लासमध्ये होतात, मग सराव परीक्षांमध्ये पुन्हा पुन्हा होतात. मार्चपर्यंत मुलाला प्रश्न बघताक्षणी कळतं की हे वर्गसमीकरणाचं, हे अंकगणिती श्रेढीचं. कोणती पद्धत लावायची हे ठरवायची वेळच त्याच्यावर येत नाही. अकरावीला नेमकं तेच ठरवावं लागतं आणि त्याची सवय कोणी लावलेली नसते.

त्रिकोणमितीचंच घ्या. दहावीच्या भूमितीत एक प्रकरण होतं, गुणोत्तरं, नित्यसमानता आणि मनोऱ्याची उंची काढा अशी उदाहरणं. अकरावीच्या मॅथ्स भाग १ मध्ये पहिली तीनच्या तीन प्रकरणं त्यावर आहेत. आधी रेडियन (कोन मोजायचं नवं एकक), मग ट्रिगनोमेट्री म्हणजे त्रिकोणमिती १, मग ट्रिगनोमेट्री २, आणि सूत्रं डझनावारी. समोरच्या गणिताला त्यातलं कुठलं चालेल हे गणित स्वतः सांगत नाही. दोन सूत्रं लावून बघायची, नाही जमलं की मागे यायचं, तिसरं बघायचं. ज्या मुलांना पहिल्या फटक्यात उत्तर यायची सवय आहे त्यांना हे मागे येणं म्हणजे नापास होणं वाटतं, आणि हुशार मुलांना जास्तच वाटतं.

फिजिक्समध्ये तर मुलांवर थोडा अन्यायच होतो असं माझं मत. पुस्तकाचं दुसरंच प्रकरण मॅथेमॅटिकल मेथड्स. त्यात व्हेक्टर (दिशा असलेल्या राशी) आहेत आणि डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशनची, म्हणजे बदलाचा दर काढणं आणि त्याच्या उलट क्रिया यांची तोंडओळख पण आहे. आता मॅथ्समध्ये डिफरन्सिएशन, म्हणजे हे डेरिव्हेटिव्ह काढणं, कुठे आहे? भाग २ चं सगळ्यात शेवटचं प्रकरण, त्याच्या आधी लिमिट्स आणि कंटिन्युइटी. म्हणजे फिजिक्सच्या सरांना जे सुरुवातीलाच लागतं ते आमच्याकडून पद्धतशीर शिकवून होईपर्यंत वर्ष संपत आलेलं असतं. मुलं मात्र समजतात की बाकी वर्गाला कळतंय, मला एकट्यालाच कळत नाहीये.

पण ताई, इतकी वर्षं वह्या बघून सांगते, बहुतेक मुलांचा खरा घोटाळा अकरावीत नसतोच, त्याच्या बराच खाली असतो. परवाच एका मुलाची वही बघत होते, दहावीला ८८ आहेत त्याला. सूत्र बरोबर निवडलं, किमती बरोबर टाकल्या, आणि तिसऱ्या ओळीत १/(अ+ब) चं सरळ १/अ + १/ब करून टाकलं. मी म्हटलं दोन्हींच्या जागी १ घाल आणि बघ. डावीकडे आला अर्धा, उजवीकडे आले २. बराच वेळ वहीकडेच बघत होता, मग म्हणाला मॅडम मी हे कायम असंच करतो. असंच (अ+ब) च्या वर्गाचं अ वर्ग अधिक ब वर्ग होतं. ९ अधिक १६ चं वर्गमूळ ३ अधिक ४ म्हणून ७ येतं, खरं तर २५ चं वर्गमूळ म्हणजे ५. कंसाबाहेर वजा असेल तर आतल्या पहिल्या पदाचं चिन्ह बदलतं आणि दुसऱ्याचं तसंच राहतं. हे सगळं आठवीच्या पुस्तकातलं, विस्तार सूत्रे आणि बैजिक राशींचे अवयव ही दोन प्रकरणं. दहावीला हे झाकलं जातं कारण उदाहरणांची रचना ठरलेली असते, स्टेपचे मार्क मिळतात आणि उत्तर चुकलं तरी एखादाच मार्क जातो. अकरावीला एका गणितात अशा चार-पाच पायऱ्या असतात आणि एक घसरली की पुढचं सगळं वाया जातं.

शिवाय डोक्यात एका वेळी मोजक्याच गोष्टी धरता येतात. ज्या मुलीला अपूर्णांक म्हणजे हातचा मळ आहे तिचं सगळं लक्ष नव्या कल्पनेकडे जातं. जिला दोन अपूर्णांकांची बेरीज करताना पण विचार करावा लागतो तिचं निम्मं लक्ष तिथेच संपतं आणि सर काय नवीन सांगतायत ते कानावरून जातं. म्हणून ती ११ पर्यंत बसूनही हाती काही लागत नाही.

तर रविवारी तिच्या शेजारी बसा, तुम्हाला अकरावीचं गणित यायची काही गरज नाही. टेस्टचा पेपर घ्या आणि प्रत्येक चुकलेल्या गणितात नेमक्या कुठल्या ओळीला गाडी घसरली तिथे पेन्सिलने खूण करायला तिलाच सांगा. मग त्या खुणांचे ढीग करा. काही ठिकाणी सुरुवातच झाली नसेल, काही ठिकाणी मधली आकडेमोड गेली असेल, काही वेळेअभावी राहिलं असेल. तिन्हींचे इलाज वेगळे. आणि तिला हेही सांगा की अकरावीला दोन युनिट टेस्ट २५-२५ च्या, सत्र परीक्षा ५० ची आणि वार्षिक १०० ची, असं २०० चं मिळून बघतात. अजून बरंच हातात आहे.

एसवाय_मेकॅनिकल

मॅडमनी मस्त लिहिलंय. मी सातारा रोडला राहतो, मराठी मीडियममधूनच आलोय, आता इंजिनीअरिंगच्या सेकंड इयरला आहे, त्यामुळे मुलाच्या बाजूने सांगतो.

शाळेत आम्हाला सर पाचवीपासून ओळखायचे, वही रोज तपासली जायची, गृहपाठ नाही केला तर घरी फोन यायचा. कॉलेजला एका वर्गात १२० जण, लेक्चर झालं की सर पुढच्या वर्गात, आणि तुमची वही वर्षभर कोणी उघडून बघत नाही. सुरुवातीला भारी वाटतं, नंतर कळतं की आपण कुठे चुकतोय हे सांगणारं माणूसच गेलंय. शंका विचारायची तर १२० पोरांसमोर इंग्लिशमध्ये विचारायची, तर कोण विचारणार? मी लेक्चर संपल्यावर सरांच्या मागे जिन्यापर्यंत जाऊन मराठीतच विचारायला लागलो, एकाही सरांनी कधी नाही म्हटलं नाही. तुमच्या मुलीला एवढं नक्की सांगा.

सेमीवाल्यांना शब्द माहीत असतात हे खरं पण दहावीपर्यंत सर शिकवताना मराठीतच समजावतात आणि पुस्तकातलं इंग्लिश आपण फार वाचत नाही. अकरावीच्या फिजिक्समध्ये पाच ओळींचं गणित इंग्लिशमध्ये वाचून त्यातून काय दिलंय काय काढायचंय हे वेगळं करायलाच माझा वेळ जायचा, टेस्ट संपायची. त्याच्यावर उपाय म्हणजे मी फक्त गणितं वाचायचो, सोडवायची नाहीत, फक्त दिलेल्या किमती लिहायच्या, आकृती काढायची आणि पुढचं घ्यायचं. कंटाळवाणं आहे पण सवय लागते.

अजून एक, वाचताना सगळं कळतं आणि कोऱ्या कागदावर काहीच येत नाही हे सगळ्यात जास्त होतं. पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं वाचून झाली की वाटतं झालं प्रकरण. त्यापेक्षा सोल्युशनवर कागद ठेवायचा आणि आधी स्वतः करायचं, अडलं की कागद एक ओळ खाली सरकवायचा, परत स्वतः. एका संध्याकाळी चारच उदाहरणं होतात पण ती चार आपली होतात.

दहावीला सायन्स भाग १ चं पहिलंच प्रकरण गुरुत्वाकर्षण होतं ना, केप्लरचे ग्रहांचे नियम, मुक्तिवेग सगळं होतं त्यात. अकरावीला पाचवं प्रकरण परत ग्रॅव्हिटेशन. नाव तेच म्हणून पोरं ते हलक्यात घेतात, पण दहावीला सूत्रात आकडे घालायचे असतात आणि इथे उंचावर गेल्यावर, जमिनीखाली खोल गेल्यावर, विषुववृत्तावर आणि ध्रुवावर g ची, म्हणजे गुरुत्व त्वरणाची किंमत का बदलते ते स्वतः सूत्र काढून दाखवायचं असतं. ताई, तिने दहावीचं पाठ केलेलं पुसून टाकायची गरज नाही, त्याच्याच खाली ‘का?’ हा प्रश्न घालत जायचा.

आणि अकरावी वाया जात नाही, इंजिनीअरिंग प्रवेशाच्या सीईटीला २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात, बाकी ८० टक्के बारावीवर. पीसीएमची (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) परीक्षा २०० मार्कांची, त्यातले १०० एकट्या मॅथ्सचे, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. बारावीचं इंटिग्रेशन करताना अकरावीची ट्रिगनोमेट्रीच लागते, म्हणून ती तीन प्रकरणं आत्ता पक्की केलीत तर पुढे खूप सोपं जातं.

मनपा_शाळेतले_सर

धायरीच्या ताईंनी भाच्याचा उल्लेख केलाय, त्यावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी हडपसर भागात आठवीला गणित-विज्ञान शिकवतो. अकरावीला जे दिसतं त्याची लहान आवृत्ती आमच्याकडे आठवीत दिसते आणि ती जास्त गंभीर आहे असं मला वाटतं, कारण त्या मुलांच्या घरी असा प्रश्न विचारणारं कोणी असतंच असं नाही.

आपल्याकडे पूर्वापार पहिली ते सातवी एक शाळा आणि आठवीपासून हायस्कूल अशी रचना आहे. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत प्राथमिक आणि आठवीपर्यंत उच्च प्राथमिक असं आहे, पण इमारती आणि तुकड्या एका रात्रीत बदलत नाहीत, त्यामुळे पालिकेच्या बऱ्याच शाळा अजून सातवीलाच संपतात. म्हणजे १३ वर्षांचं मूल ज्या वर्षी अंकांकडून अक्षरांकडे, म्हणजे बीजगणिताकडे जातं त्याच वर्षी त्याची शाळा बदलते, मित्र बदलतात, एक वर्गशिक्षक जाऊन तासाला नवे सर येतात. आठवीच्या जून महिन्यात त्याला नेमकं काय येतं हे नव्या शाळेत कोणालाच माहीत नसतं. दाखल्याबरोबर प्रगतिपुस्तक येतं, त्यावर ब-१ अशी श्रेणी असते. ब-१ वरून मला कसं कळणार की त्याला भागाकार येतो पण छेद समान करता येत नाही?

वर्गातलं एक उदाहरण सांगतो, सूट व कमिशनच्या प्रकरणातलं. दुकानदाराने छापील किमतीवर १० टक्के सूट देऊन वस्तू १८०० रुपयांना विकली, तर छापील किंमत किती? वर्गातले निम्म्याहून जास्त हात वर, उत्तर १९८०. काय केलं, तर १८०० चे १० टक्के १८० काढले आणि मिळवले. मी विचारलं, सूट कशावर दिली? सगळे म्हणतात छापील किमतीवर. मग तुम्ही १० टक्के कशाचे काढले? शांतता. मग एक मुलगी उठून म्हणाली, सर १८०० म्हणजे ९० टक्केच आहेत. फळ्यावर येऊन तिने २००० काढून दाखवले. गंमत बघा, शेकडेवारी सगळ्यांना येत होती, आकडेमोडही बरोबर होती, वाचनही खणखणीत केलं होतं. वाक्यात कोण कशाचा भाग आहे हे थांबून बघायची सवय नव्हती. पाचवीपर्यंतच्या शाब्दिक उदाहरणांत मिळून म्हटलं की बेरीज आणि उरले म्हटलं की वजाबाकी असं करून चालून जातं. आठवीत ते चालत नाही.

आता लोक लगेच म्हणतील आठवीपर्यंत नापास करत नव्हते त्याचा परिणाम. मला ते तेवढं सोपं वाटत नाही. २००९ च्या याच आरटीई कायद्याने मुलाला मागे ठेवायचं नाही असं ठरलं आणि आपल्याकडे २०१० पासून आकारिक (वर्षभर चालणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटचं) मूल्यमापन आलं. त्यामागचा विचार चांगला होता, की वर्षभर बघत राहा आणि जिथे अडेल तिथे तेव्हाच मदत करा. बघणं कागदावर राहिलं, नोंदी भरल्या गेल्या, मदतीला माणसं आणि वेळ मिळाला नाही. आता पाचवी आणि आठवीला परत वार्षिक परीक्षा आणि नापास झालं तर फेरपरीक्षा आली आहे. ठीक आहे, पण त्याच मुलाला त्याच पद्धतीने तेच पुस्तक दुसऱ्यांदा शिकवून छेद समान करता येत नाही, त्यासाठी कोणीतरी शेजारी बसावं लागतं. असर या शिक्षणविषयक सर्वेक्षणाचा २०२३ चा अहवाल ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांवर होता, त्यात तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं ४३.३ टक्के मुलांनाच जमलं. पुणे शहराचा तो आकडा नाही, पण माझ्या वर्गातही अशी मुलं आहेत आणि ती मठ्ठ अजिबात नाहीत, बाजारात हिशोब तोंडी करतात.

भाच्यासाठी एवढंच सांगतो की त्याला आठवीचे क्लास लावण्याआधी पाचवी-सहावीचे अपूर्णांक आणि सातवीच्या पूर्णांक संख्या येतात का ते बघा. दिवाळीची सुट्टी त्यासाठी पुरते.

सदाशिव_पेठ_आजोबा

वर सर्वांनी उत्तम लिहिले आहे. एक वेगळा मुद्दा. आमच्या वेळी अकरावी म्हणजे मॅट्रिक, ती शाळेतच असायची. १९७५ साली दहावीची पहिली एसएससी झाली, १०+२+३ आले, आणि अकरावी-बारावीला ज्युनियर कॉलेज नाव मिळाले. वय १५-१६ चे, अभ्यास आधीपेक्षा कठीण, आणि देखरेख मात्र कॉलेजची. वही कोणी तपासत नाही असे वर त्या मुलाने लिहिले आहे, ते या व्यवस्थेचेच फळ आहे. ज्या शाळांना स्वतःची अकरावी-बारावी जोडलेली आहे तिथल्या मुलांना बदल कमी जाणवतो हे मी नातवंडांत बघितले आहे.

दुसरे, दहावीच्या मार्कांवर किती विसंबायचे हेही पालकांनी ठरवावे. २०१८ चा राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत २० मार्क काढले, निकाल ७७.१० टक्के. पुढल्या वर्षी ते परत दिले, निकाल ९५.३० टक्के. मुले तीच आहेत, मोजपट्टी बदलली. तेव्हा ९१ टक्के पाहून सायन्स घ्यायचे की नाही हे ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गणित_मॅडम_कोथरूड

काका, ज्युनियर कॉलेजबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत, आमच्या स्टाफरूममध्ये पण हाच विषय असतो. निकालाच्या आकड्यांबद्दल मात्र थोडं वेगळं सांगते. २०१९ ला मार्कांबरोबर अभ्यासक्रमही नवा होता, पहिलीच बॅच होती ती. आणि २०२० ला कोरोनामुळे भूगोलाचा पेपरच रद्द झाला होता. त्यामुळे सगळा फरक अंतर्गत मार्कांचाच असं म्हणता येणार नाही. शिवाय अंतर्गत मार्कांनी उत्तीर्ण व्हायला मदत होते, पण गणिताचे ९४ यायला ८० पैकी किमान ७४ तरी लेखी पेपरात मिळवावेच लागतात. ही मुलगी मेहनती आहे आणि शिस्तीची आहे एवढं त्या ९४ वरून नक्की कळतं. तिच्यासमोर कोणी तुझे मार्क फुगवलेले होते असं म्हणू नका अशी कळकळीची विनंती. मी वर्गात बघते, हे वाक्य ऐकलेली मुलं पुढे प्रयत्नच सोडतात.

चिंचवडकर_बाबा

झोपेबद्दल कोणी बोललं नाही. आमचा मुलगा सकाळी साडेसहाला घर सोडायचा, कॉलेज, तिथून क्लास, घरी यायला रात्रीचे नऊ, मग जेवून १ पर्यंत अभ्यास. या वयात ८ तास झोप लागते असं डॉक्टरांनी सांगितलं, हा ५ तास झोपत होता आणि लेक्चरला पेंगत होता. आम्ही क्लासच्या चारपैकी दोन बॅच बंद केल्या, १०:३० ला दिवा बंद. मार्क लगेच नाही वाढले पण चिडचिड आणि डोकेदुखी गेली, आणि बारावीत गाडी रुळावर आली. धायरीहून बसने येणंजाणं करून ११ पर्यंत बसत असेल तर सकाळी किती वाजता उठते ते बघा ताई.

धायरीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मॅडम, काल तुम्ही सांगितलं तसं पेपर घेऊन बसलो दोघी. तिने स्वतः खुणा केल्या. मॅथ्सच्या ११ खुणा झाल्या, त्यातल्या ६ आकडेमोडीच्या, आणि ६ पैकी ४ ठिकाणी अपूर्णांकात अक्षरं आली की घोळ. दोन गणितं तिने शेवटपर्यंत बरोबर केली होती आणि वेळ नाही म्हणून शेवटची ओळ राहिली. सुरुवातच झाली नाही अशी तीनच. ते बघून ती स्वतःच म्हणाली की म्हणजे मला ट्रिगनोमेट्री येत नाही असं नाहीये. रात्री जेवली नीट.

फिजिक्सचा पेपर अजून बघायचाय. भावाला पण फोन केला, भाच्याची सहावीची पुस्तकं माळ्यावर आहेत म्हणे, काढतोय. आता फक्त क्लासचं सांगा, लावू की नको? दोन वर्षांचं पॅकेज आहे, आत्ता भरलं तर सूट म्हणतायत.

गणित_मॅडम_कोथरूड

शाब्बास तिची. ६ पैकी ४ एकाच प्रकारचे असतील तर काम सोपं आहे. बालभारतीच्या साइटवर सगळ्या इयत्तांच्या पुस्तकांच्या पीडीएफ फुकट आहेत. आठवीच्या पुस्तकातलं सहावं प्रकरण काढा, त्याच्या शेवटी गुणोत्तरीय बैजिक राशी आहेत, छेदात अक्षरं असलेले अपूर्णांक. रोज पाच गणितं, वेळ लावून, दोन आठवडे. ती आठवीचं पुस्तक घेऊन बसायला लाजेल कदाचित, तर आधी तिच्याकडून फक्त पाच गणितं चाचणीसारखी सोडवून घ्या, चुका दिसल्या की स्वतःच करेल.

क्लासचं म्हणाल तर आत्ता दोन वर्षांचे पैसे भरू नका. मोठ्या बॅचच्या क्लासमध्ये पुन्हा लेक्चरच मिळणार आणि तिला लेक्चर कमी पडत नाहीये, वही तपासणारं माणूस कमी पडतंय. धायरी-वडगाव भागात घरी शिकवणाऱ्या निवृत्त शिक्षिका किंवा इंजिनीअरिंगची मुलं असतात, आठवड्यातून दोन दिवस तासभर बसून फक्त वही बघणारं कोणी मिळालं तर लाखाच्या क्लासपेक्षा जास्त उपयोग होईल. भेटायला जाल तेव्हा एकच विचारा, बॅचमध्ये मुलं किती आणि वह्या कोण तपासतं. सत्र परीक्षेनंतरही गरज वाटली तर तेव्हा क्लासचा विचार करा, तेव्हाही सूट देतातच.

फिजिक्ससाठी दुसऱ्या प्रकरणातलं डेरिव्हेटिव्ह तिला मॅथ्सच्या सरांकडून अर्ध्या तासात समजून घ्यायला सांगा. लिमिटची पूर्ण मांडणी नसली तरी चालेल, वेग म्हणजे जागा बदलण्याचा दर एवढ्यावर तिसरं, गतीचं प्रकरण निघतं.

मावळतीकर

मॅडम एक विचारायचं राहिलं. आमचा धाकटा पुढच्या वर्षी कॉमर्सला जाणार म्हणतो. तिथे पण असंच होतं का?

गणित_मॅडम_कोथरूड

होतं, पण वेगळ्या कारणाने. बुक-कीपिंग (धंद्याचे हिशोब लिहिणं) दहावीपर्यंत कोणालाच नसतं, त्यामुळे सगळे शून्यापासून सुरू करतात आणि मागचं कच्चं राहिलं हा प्रश्न कमी असतो. तिथे अडचण अशी की प्रत्येक प्रकरण आधीच्यावर उभं आहे. डबल एंट्री (प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहिणं), मग जर्नल म्हणजे रोजकीर्द, मग लेजर म्हणजे खातेवही. पहिल्या महिन्यात डेबिट-क्रेडिटचे नियम पाठ करून भागवलं की सब्सिडिअरी बुक्सपर्यंत (सहायक पुस्तकांपर्यंत) मूल पूर्ण हरवतं. त्याला सांगा की पहिल्या प्रकरणापासून प्रत्येक एंट्रीपुढे कोणतं खातं, कोणत्या प्रकारचं आणि ते डेबिट का, हे एका ओळीत लिहायचं. आणि ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिल्लकांचा तेरीजपत्रक) जुळला नाही तर खोडून परत करण्याआधी लेजरच्या बेरजा तपासायच्या, मग पोस्टिंग (जर्नलमधून लेजरमध्ये उतरवलेलं), मग जर्नल, याच क्रमाने मागे जायचं.